आधी साखर बंद, मग भाकर अर्धी : कमी कर्बोदकांचा आहार कसा सुरू करावा आणि किटोसिसपर्यंत कोणी जावे



वस्तीत आरोग्य शिबिर लावले की रक्तदाबाच्या टेबलासमोर जेवढी रांग लागते, तेवढीच आता साखरेच्या टेबलासमोरही लागते. त्या रांगेत हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "सिस्टर, भाकर-भात सोडला की साखर जाते म्हणतात, खरं काय?" मोबाइलवर कोणी तरी सांगितलेले असते, की किटो करा, तीन दिवसांत किटोसिस होते, गोळ्या बंद होतात. शहरातला माणूस हे ऐकून दुकानातून लोणी, पनीर, बदाम आणतो. सेमाडोहच्या किंवा अमरावती-अकोल्याच्या वस्तीतला माणूस हे ऐकून फक्त जेवण सोडतो आणि गोळी मात्र चालू ठेवतो. दोघांनी शब्द एकच ऐकला, पण शरीरावर होणारा परिणाम वेगवेगळा.

म्हणून या महिन्याचा धडा याच विषयावर. कर्बोदके कमी करणे म्हणजे काय, किटोसिस म्हणजे काय, आपल्या ताटातून त्याची सुरुवात कशी करायची, आणि कोणी त्या वाटेला अजिबात जायचे नाही.

आपल्या समाजाला मधुमेह नवा नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि त्यातून आलेल्या नसांच्या दुखण्याने त्यांना फार छळले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. पुढे डॉ. सविता आंबेडकर म्हणून त्यांनीच बाबासाहेबांचे पथ्य आणि औषधपाणी पाहिले. पथ्य आणि औषध एकाच जाणत्या माणसाच्या नजरेखाली असावे, ही गोष्ट यातून आपणही घ्यावी. आजच्या सगळ्या लेखाचा सारही तोच आहे.

आपल्या ताटात कर्बोदके किती?

अन्नात ऊर्जा देणारे तीन घटक असतात : कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. कर्बोदके म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ. भाकर, पोळी, भात, पोहे, साबुदाणा, आलू, साखर, गूळ हे सगळे त्यात आले. पचल्यावर त्यांची रक्तात साखरच होते. प्रथिने म्हणजे अंडी, मांस, मासळी, डाळ, सोयाबीन, दूध. स्निग्ध म्हणजे तेल, तूप, चरबी.

एका साध्या दिवसाचा हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, पण अंदाज बरोबर यायला तेवढे पुरेत.

- दोन चमचे साखरेचा चहा, दिवसातून चार कप : ४० ग्रॅम
- सकाळी प्लेटभर पोहे : ४५ ग्रॅम
- दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी : ८० ग्रॅम
- आलूची भाजी : २० ग्रॅम
- रात्री दोन पोळ्या : ४५ ग्रॅम
- वाटीभर भात : ४० ग्रॅम
- वाटीभर वरण : १५ ग्रॅम

बेरीज झाली २८५ ग्रॅम. यात सणाचे गोड नाही, बिस्किट नाही, टोस्ट नाही. या दिवसात अंडे, मांस किंवा दूध जवळपास नाहीच. देशभरात हीच गत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे आढळले. त्याच पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे.

हे ताट आपण हौसेने निवडलेले नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, आणि त्यातली कर्बोदके १२० ग्रॅमच्या वर. हे धान्य हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण रेशनच्या दुकानातून तांदूळ-गहू येतो, अंडे येत नाही. त्यामुळे "तुम्ही लोक भातच का खाता" असे कोणी म्हटले तर त्याला हे गणित दाखवावे.

किटोसिस म्हणजे काय?

शरीराला रोज इंधन लागते. पहिले इंधन साखर. यकृत, म्हणजे लिव्हर, थोडी साखर साठवून ठेवते. हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. कर्बोदके अगदी कमी केली की तो एक-दोन दिवसांत संपत येतो. मग शरीर चरबी वितळवायला लागते. यकृत त्या चरबीपासून किटोन नावाचे पदार्थ तयार करते, आणि मेंदू व स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. या अवस्थेला किटोसिस म्हणतात. कर्बोदके दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली तर साधारण दोन ते चार दिवसांत, कोणाला आठवडाभरात, ही अवस्था येते.

हा काही नवा शोध नाही. इन्सुलिन १९२१ साली सापडले. त्याआधी मधुमेहाच्या रुग्णाला कर्बोदके तोडून, जवळपास उपाशी ठेवूनच जगवत. त्याच १९२१ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट येणाऱ्या रुग्णांसाठी किटोजेनिक आहार सुचवला. औषधाने फिट न थांबणाऱ्या मुलांना आजही काही रुग्णालयांत हा आहार देतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, वजन-माप करून.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, कर्बोदके कमी केल्याने साखर उतरते हे खरे आहे. पहिल्या सहा महिन्यांत फायदा ठळक दिसतो. वर्षानंतर इतर पथ्ये पाळणाऱ्यांत आणि यांच्यात फरक कमी होत जातो. म्हणून जे पथ्य वर्षानुवर्षे पाळता येईल तेच आपले पथ्य.

एकच शब्द, तीन अवस्था

लघवीत किटोन दिसले म्हणजे चांगलेच झाले असे नाही. तीन अवस्था वेगळ्या ओळखा.

पहिली, आहारातून आलेले किटोसिस. माणूस पोटभर जेवतो, प्रथिने घेतो, फक्त कर्बोदके कमी आहेत. साखर ताब्यात आहे, अंगात ताकद आहे.

दुसरी, उपासमार. जेवणच नाही म्हणून किटोन आले. यात चरबीबरोबर स्नायूही वितळतात, कारण प्रथिने न मिळाल्यास शरीर आपलेच मांस मोडून साखर बनवते. आपल्या मेळघाटाला ही अवस्था नवी नाही.

तिसरी, किटोअ‍ॅसिडोसिस. इन्सुलिन पुरेसे नाही, किटोन बेसुमार वाढले, रक्त आम्लधर्मी झाले. ही जिवावरची अवस्था आहे. पोटदुखी, उलट्या, धाप लागणे, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी ही तिची लक्षणे. इथे "किटो चालू आहे, होईल बरे" म्हणत घरी थांबायचे नाही. १०८ला फोन करायचा. सेमाडोहहून एका बाजूला घाट उतरून परतवाडा, दुसऱ्या बाजूला हरिसालवरून धारणी. रस्त्यात वेळ जातो, म्हणून निघायला उशीर नको.

एखादे मूल किंवा तरुण माणूस भराभर बारीक होत असेल, सारखा पाणी पीत असेल, लघवीला जात असेल, तर ती साखर कमी झाल्याची खूण नसून बहुधा इन्सुलिन संपल्याची आहे. त्याला आहार नको, त्याच दिवशी दवाखाना हवा.

बारीक माणसाला साखर कशी होते?

"आमचा माणूस तर काडीसारखा, त्याला कशी शुगर?" असे बायका विचारतात. याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त असते, असे त्यात दिसले. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी.

म्हणजे आईच्या पोटात असताना झालेली आबाळ चाळिशीत साखर होऊन वर येऊ शकते. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचे माप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८०च्या वर असेल तर साखर तपासायला हवी. आणि म्हणूनच खऱ्या अर्थाने बारीक, अशक्त माणसाने किटोच्या मागे लागायचे नाही. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आत, किंवा उंची १६० आणि वजन ४७च्या आत असेल, तर त्याला वजन कमी करणारा कोणताही आहार नको.

सुरू करण्याआधी : ही यादी भिंतीवर लावा

यांनी किटोसिसच्या वाटेला जाऊ नये :

- गर्भवती आणि अंगावर पाजणारी आई. अमृत आहार योजनेतले जेवण आणि अंडे चालू असेल तर ते पूर्ण खावे.
- लहान मुले आणि वाढीच्या वयातली पोरे-पोरी.
- टीबीचे औषध चालू असलेला, किंवा वजन उतरत असलेला आणि खोकला असलेला माणूस. आधी थुंकीची तपासणी.
- किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेला.
- लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला.
- सिकलसेलचा एसएस पॅटर्न असलेला.

सिकलसेलबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण विदर्भात आदिवासी आणि बौद्ध घरांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. पहिली गोष्ट, उपाशी राहणे, अंगातले पाणी कमी होणे आणि रक्त आम्लधर्मी होणे या तिन्हींमुळे एसएस रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. किटोच्या सुरुवातीला अंगातले पाणी उतरतेच. एएस पॅटर्न, म्हणजे वाहक, सहसा निरोगी असतात. तरी त्यांनी उन्हात कष्टाचे काम करताना पाणी कमी पडू देऊ नये. दुसरी गोष्ट, सिकलसेल असताना तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. कागदावर साखर ठीक आणि अंगात मात्र वाढलेली, असे होते. म्हणून तपासणीच्या वेळी आपला पॅटर्न सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही मोजून घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ही तपासणी मोफत आहे. पॅटर्न माहीत नसेल तर आहार बदलण्याआधी ती करून घ्या.

आता गोळ्या. पाकीट हातात घ्या आणि नाव वाचा, नाही तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

- मेटफॉर्मिन : या एकट्या गोळीने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. तरी मनाने बंद करू नका.
- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड : जेवण कमी आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांसमोर अंधारी. भाकर कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.
- इन्सुलिन : हाच नियम, आणखी कडकपणे.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी "फ्लोझिन"ने संपणारी नावे : या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. यांच्याबरोबर किटो केले तर साखर फार वाढलेली नसतानाही किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली संपले, गोळी स्वस्त झाली, आणि आता ती पुष्कळ चिठ्ठ्यांवर दिसते. ही गोळी चालू असताना किटो नाही.
- रक्तदाबाच्या गोळ्या : कर्बोदके कमी झाली की दाबही उतरू शकतो. उठताना चक्कर आली तर दाब मोजून घ्या.

साखर खाली गेल्याची लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पाजा. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

पौर्णिमेला किंवा वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनीही हे लक्षात ठेवावे. रात्रीचे जेवण नाही आणि रात्रीची गोळी घेतली, असे होऊ देऊ नका. डॉक्टरांना आधी विचारा.

चार पायऱ्या

संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी दोणभर भात खाई आणि धापा टाकत बसे. भगवान बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाचा तरुण राजाच्या जेवणाच्या वेळी ती गाथा म्हणू लागला. राजा हळूहळू कमी करत नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. यात आरोग्याचे दोन धडे आहेत. राजाने भात एका दिवसात सोडला नाही. आणि जेवताना आठवण करून देणारे माणूस शेजारी होते. आपल्या घरातही एक सुदस्सन नेमा. दहा-बारा वर्षांची नात हे काम उत्तम करते.

पहिली पायरी, पहिले दोन आठवडे : प्यायची साखर बंद. चहातली साखर आधी अर्धी करा, मग बंद. थंडाची बाटली, बिस्किट, टोस्ट बंद. वरच्या हिशेबातले ४० ग्रॅम इथेच जातात आणि खर्च वाढत नाही, उलट वाचतो.

दुसरी पायरी, तिसरा-चौथा आठवडा : धान्य अर्धे. दोन भाकरींची एक, आणि भात किंवा पोळी यांपैकी एकच. आलूऐवजी पालेभाजी. पण ताट रिकामे ठेवायचे नाही. कमी झालेल्या भाकरीच्या जागी अंडे, सोयावडी, सुकट-बोंबील, मूठभर फल्लीदाणे, वाटीभर ताक असे काही तरी आलेच पाहिजे. बाजारात मटण महाग पडते, पण मुंडी, पाया, वजडी, कलेजी त्या मानाने स्वस्त असते. सोयावडी ३० ग्रॅम घेतली तर १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून ६ ग्रॅम. पंचावन्न किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिने लागतात.

तिसरी पायरी, दुसऱ्या महिन्यापासून : दिवसाला १०० ते १३० ग्रॅम कर्बोदके. म्हणजे दुपारी एक भाकर, रात्री अर्धी भाकर किंवा छोटी वाटी भात, सोबत वरण आणि भरपूर भाजी. बहुतेकांनी इथेच थांबावे. इथे किटोसिस होत नाही, पण साखर उतरते, कंबर कमी होते, आणि हे ताट वर्षानुवर्षे चालवता येते. कष्टाचे काम करणाऱ्याला आणि घरात एकच चूल असलेल्या कुटुंबाला हीच मधली वाट झेपते.

चौथी पायरी, किटोसिस : दिवसाला ५० ग्रॅमच्या आत. वजन जास्त आहे, वरच्या यादीत नाव नाही, डॉक्टरांनी गोळ्या पाहून होकार दिला आहे, आणि रोज प्रथिने विकत घेण्याची ऐपत आहे, अशांनीच. वैशाखाच्या उन्हात सुरू करू नका. पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यात, पालेभाजी स्वस्त असताना करा.

चौथ्या पायरीचा एक दिवस

सकाळी : बिनसाखरेचा चहा २ ग्रॅम. कांदा, भेदरं, सांबार घालून दोन अंडी ३ ग्रॅम.

दुपारी : अंबाडी, मेथी किंवा चिवळची मोठी वाटी भाजी ६ ग्रॅम. ३० ग्रॅम सोयावडीचा रस्सा १० ग्रॅम. मूठभर फल्लीदाणे ६ ग्रॅम. मीठ घालून ग्लासभर ताक ५ ग्रॅम.

रात्री : कोंबडी, मासळी किंवा वजडीचा रस्सा ५ ग्रॅम. वांग्याची भाजी ६ ग्रॅम. काकडी ३ ग्रॅम.

बेरीज ४६ ग्रॅम. यात अर्धी भाकर घातली की ६६ होते आणि बहुतेकांचे किटोसिस थांबते. इतकी ही वाट अरुंद आहे.

पहिल्या आठवड्यात लघवी जास्त होते. डोके दुखते, पायात गोळे येतात, तोंड सुकते, शौचाला खडा होतो. दोन-तीन किलो वजन उतरते, पण ते बहुतेक पाणी असते. हुरळून जाऊ नका. पाणी भरपूर प्या. खारे ताक आणि पायाचे सूप घ्या. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. त्या आठवड्यात जड काम आणि लांबचा प्रवास टाळा.

किटोसिस आले हे कळते कसे? भूक मंदावते, तोंडाला वेगळा वास येतो. औषधाच्या दुकानात लघवीत बुडवायची किटोनची पट्टी मिळते. पण पट्टीचा रंग गडद होणे हे ध्येय नव्हे. ध्येय आहे उपाशीपोटीची साखर, कमरेचे माप आणि अंगातली ताकद. पट्टी न घेताही आहार पाळता येतो. साखर न मोजता मात्र पाळू नये. आणि सोडायचा असेल तर एकदम दोन भाकरींवर येऊ नका. तिसऱ्या पायरीवर उतरा.

ऐकीव गोष्टी

"कुटकी, कोदो, ज्वारी शुगरवाल्याला कितीही चालते." भरड धान्याने साखर थोडी हळू चढते आणि पोट भरलेले राहते, म्हणून ते तांदळापेक्षा बरे. पण त्यातही निम्म्याहून जास्त कर्बोदकेच असतात. माप तेच पाळायचे.

"गूळ, मध, मोहफूल नैसर्गिक आहे." नैसर्गिक असले तरी साखरच. वाळलेल्या मोहफुलाचा गोडवा म्हणजे साखर.

"बेसन म्हणजे प्रथिने." आपल्या बेसनाच्या पिठातही निम्मी कर्बोदके आहेत. वाटीभर बेसन आणि दोन भाकरी, म्हणजे पिठाबरोबर पीठ.

"दीक्षित डाएट म्हणजे किटोच." नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून सांगितलेली पद्धत दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आटोपण्याची आहे. ती जेवणाच्या वेळा कमी करते, किटोसिससाठी कर्बोदके ५० ग्रॅमच्या आत आणत नाही. साखर खाली आणणारी गोळी चालू असेल तर तिलाही डॉक्टरांचा होकार लागतोच.

"बुद्धपौर्णिमेची खीर?" दोन चमचे घ्या, आनंदाने घ्या, आणि त्या जेवणात भात सोडा.

ताईचे ताट

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही. घरात पुरुषाला साखर निघाली की अंडे, मासळी त्याच्या ताटात जाते. उरलेली भाकर आणि रस्सा ताईच्या वाट्याला. ती शेवटी जेवते, तिचे रक्त कमी, आणि उद्या साखर तिलाही होऊ शकते. पथ्य घराचे करा. दोन अंडी आणायची ऐपत असेल तर एक त्याला आणि एक तिला. विहारातल्या महिला मंडळाने महिन्याला एकदा सगळ्या बायकांची कंबर, वजन, रक्तदाब आणि साखर मोजण्याची वेळ आशाताईंबरोबर ठरवावी. गावच्या आरोग्य केंद्रात साखरेची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या हक्काने मागाव्यात.

या महिन्याचा अभ्यास

१. सात दिवस वहीत लिहा : किती भाकरी, किती भात, किती कप चहा, किती चमचे साखर. वरच्या आकड्यांनी बेरीज करा.

२. गोळ्यांची नावे त्याच पानावर लिहा. "फ्लोझिन" किंवा "ग्लि"ने सुरू होणारे नाव असेल तर त्याखाली रेघ मारा.

३. घरातल्या प्रत्येकाचा सिकलसेल पॅटर्न लिहा. माहीत नसेल तर तपासणीची तारीख लिहा.

४. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन प्रश्न विचारा : मी भाकर अर्धी केली तर गोळी किती घेऊ? माझी किडनी ठीक आहे का? साखर पुन्हा कधी मोजू?

५. उत्तर मिळेपर्यंत पहिली पायरी सुरू करा. चहातली साखर आजच अर्धी करा आणि घरातला सुदस्सन कोण, तेही आजच ठरवा.